भिंगबाईंनी मोजलेले डॉल्फिन

माझी आत्या एकोणचाळीस वर्षं बँकेत होती आणि त्यातली तीस वर्षं तिने फक्त सह्या पाहिल्या. चेकवरची सही आणि खातं उघडताना कार्डावर केलेली नमुन्याची सही शेजारीशेजारी ठेवायची, भिंग लावायचं आणि सांगायचं, जुळते की नाही. बँकेतले लोक तिच्या पाठीमागे तिला भिंगबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं. कोण कोण म्हणतं याची तिने यादी करून ठेवली होती असा आमच्या घरात समज आहे, आणि ती यादी अजून फाडलेली नसावी.

तिचा नियम एकच होता: शंका आली की परत. खोटी सही सुटली तर बँक गोत्यात येते. खरी सही परत गेली तर माणसाला फक्त एक खेप जास्त पडते. इतकं सरळ असताना शंका घ्यायला आपलं काय जातं, असं ती म्हणायची. निवृत्तीच्या दिवशी मॅनेजरने भाषणात सांगितलं, "तीस वर्षांत बाईंच्या हातून एकही खोटी सही सुटली नाही." टाळ्या झाल्या. आत्याने मॅनेजरकडून ते भाषण लिहिलेला कागद मागून घेतला आणि आपल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. साडी काढायला कपाट उघडलं की ती एकदा वाचते. वाचत नाही असं ती म्हणते.

निवृत्तीनंतर ती आमच्या घरी, माझ्या आणि बायकोच्या डोक्यावर बसली. तेव्हापासून औषधाच्या बाटलीवरची तारीख, विजेच्या बिलावरचा आकडा, शेजाऱ्यांनी परत केलेल्या वाटीची कड, सगळं भिंगाखालून जाऊ लागलं. माझी सही पाहून म्हणाली, "ही पळून चाललेल्या माणसाची सही आहे." बायकोला हे इतकं आवडलं की तिने ते माहेरी फोन करून सांगितलं.

आता माझ्याविषयी थोडं सांगावं लागेल, कारण पुढे माझाही संबंध येतो. मी बंदरावर वेगाची बोट चालवतो. बारा माणसं, लाल जॅकेटं, खाडीच्या तोंडापर्यंत सुसाट जायचं, डॉल्फिन दिसले की प्रवाशांनी किंचाळायचं, मी हसायचं आणि वळायचं. दिवसाला सहा फेऱ्या. लोक डॉल्फिनसाठी येतात हे खरं, पण परत जाताना बोलतात ते वेगाबद्दल. मला माझं काम आवडतं, उगाच खोटं कशाला बोलू?

बंदरावरच्या चहाच्या टपरीवर एक तरुण बाई रोज भेटायची. डॉल्फिन मोजायला आलेली शास्त्रज्ञ. ती डॉक्टर होती, पण सुई टोचणारी नव्हे, म्हणून आत्याने पुढे तिचं नाव डॉक्टरीणबाई ठेवलं आणि प्रत्येक वेळी ते जरा मुद्दाम उच्चारलं. एकदा ती लॅपटॉपवर डोकं टेकून बसली होती. तीन हजार फोटो काढले होते आणि ते एकमेकांशी जुळवायचे होते. यंत्र मदत करतं, ती म्हणाली, पण ते एका फोटोला दहा जोड्या सुचवतं आणि बाजूला होतं. खरी जोडी कोणती, की एकही नाही, ते माणसानेच बघायचं. "डोळे फुटायची वेळ आली आहे हो," ती म्हणाली.

"माझ्या घरी एक आत्या आहे," मी म्हणालो. चेष्टेत म्हणालो होतो.

आठवड्याभरात आत्या कामाला लागली. ऑफिस म्हणजे बर्फाच्या कारखान्यावरची एक खोली. खाली दिवसभर धडधड आणि वर फरशी अशी गार की आत्या ऐन उन्हाळ्यात लोकरी मोजे घालून बसायची. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला लागून तिने बँकेच्या भंगारातून सोडवून आणलेला कार्डांचा लाकडी खण. डॉल्फिन वर येतो तेव्हा त्याच्या पाठीवरचा त्रिकोणी पर तेवढा नीट दिसतो आणि त्या पराच्या मागच्या कडेला खाचा असतात, चिरा असतात, तुकडे उडालेले असतात. कुणाही दोघांच्या खाचा सारख्या नाहीत. आत्याने पहिल्याच दिवशी फोटो हातात घेतला, भिंग लावलं आणि म्हणाली, "अच्छा, म्हणजे सहीच आहे ही."

प्रत्येक डॉल्फिनचं एक कार्ड. नंबर, फोटो, आणि खाली आत्याच्या टपोऱ्या अक्षरात खुणा: शेंड्याखाली चौकोनी खाच, मधोमध उथळ चीर, बुडाशी काही नाही. डॉक्टरीणबाईंनी त्यांना गमतीची नावं द्यायचं सुचवलं तर आत्या म्हणाली, "खातेदारांना नावं ठेवायची नसतात."

मोजायची रीत डॉक्टरीणबाईंनी मला टपरीवर समजावली आणि मी ती बोटीवरच्या प्रवाशांना इतक्यांदा सांगितली की आता माझीच वाटते. समुद्रातले सगळे डॉल्फिन एकाच वेळी वर येऊन हजेरी देत नाहीत. मग त्यांचा अंदाज कसा करायचा? अनोळखी गावच्या बाजारात दोन दिवस जा. दुसऱ्या दिवशीही कालचेच चेहरे भेटले तर गाव लहान. बहुतेक चेहरे नवे दिसले तर गाव मोठं. डॉल्फिनचंही तसंच. पहिल्या मोसमात आत्याने अठ्ठेचाळीस कार्डं केली. दुसऱ्या मोसमात पंचेचाळीस पर टिपले गेले. त्यातले किती जुने ओळखीचे निघतात यावर सगळं अवलंबून. कोऱ्या पराची पिल्लं यात धरलेली नव्हती, ती डॉक्टरीणबाई निराळी बघत होत्या.

आत्याने सांगितलं, पंचेचाळीसपैकी पंधरा जुने, तीस नवे. म्हणजे एक तृतीयांश ओळखीचे. म्हणजे पहिले अठ्ठेचाळीस हे एकूण गावाचा एक तृतीयांश असणार. एकूण एकशे चव्वेचाळीस, थोडे इकडेतिकडे.

मी त्या दिवशी घरी आईस्क्रीम नेलं. कारण असं की बंदर समितीने आधीच जाहीर केलं होतं, मोजणीत डॉल्फिन शंभराच्या आत निघाले तर खाडीच्या तोंडाशी सगळ्या बोटींनी सायकलच्या वेगाने जायचं. सायकलच्या! तसं झालं असतं तर माझ्या बोटीत आणि म्हाताऱ्या फेरीबोटीत फक्त जॅकेटांच्या रंगाचा फरक उरला असता. पण एकशे चव्वेचाळीस म्हणजे निश्चिंती. डॉक्टरीणबाईंना आकडा जरा मोठा वाटला, पण कामात खोट दिसेना. त्यांनी तो समितीला कळवला आणि दोन आठवड्यांनी सुनावणी ठरली.

त्या दोन आठवड्यांतच मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. डॉक्टरीणबाईंच्या बोटीचं इंजिन बिघडलं, तिसऱ्या मोसमाचे फोटो अडले, आणि मी मोठ्या मनाने म्हणालो, सोमवारी माझी सुट्टी असते, माझी बोट घ्या. वर आत्यालाही आग्रह केला. दोन वर्षं हिने डॉल्फिनांची पाठ बघितली, पण खरा डॉल्फिन एकदाही पाहिला नव्हता.

"मला खारा वारा सोसत नाही," ती म्हणाली.

"आत्या, तू मोजे घाल."

आली. बोटीत मधोमध, दोन्ही हातांनी बाक धरून, सही करायला आणलेल्या साक्षीदारासारखी बसली. खाडीच्या तोंडाशी मी इंजिन बंद केलं. पाच मिनिटं काही नाही. मग डाव्या बाजूला फुस्स झालं आणि एक पाठ वर आली, पाठोपाठ तिच्या कुशीला चिकटून एक लहानशी.

"अरे, एकतीस!" आत्या किंचाळली. माझे प्रवासी किंचाळतात तशीच, जरा जास्तच. "एकतीस आहे ही! अगं बाई, पिल्लू झालं हिला!"

ती उभी राहिली, बोट डुगडुगली, मी तिच्या पदराला धरलं. डॉक्टरीणबाई फोटो काढत होत्या आणि हसत होत्या. आत्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. बाजारात जुनी मैत्रीण भेटावी तसा झाला होता. परत येताना ती वाऱ्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.

दुपारी ऑफिसात डॉक्टरीणबाईंनी सकाळचा फोटो पडद्यावर मोठा केला. आत्याने खणातून एकतीस नंबरचं कार्ड काढलं, शेजारी धरलं, भिंग लावलं. मी तिला घरी न्यायला दारात उभा होतो. तिने एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, चष्मा पुसला.

"जुळत नाही," ती म्हणाली.

कार्डावर एकच चौकोनी खाच होती. फोटोत ती खाच होती, पण तिच्यावर दोन तिरक्या चिरा होत्या आणि शेंडा उडालेला होता. आत्याने सगळी कार्डं चाळली आणि एका कार्डाशी थांबली. अठ्ठावन्न. दुसऱ्या मोसमात 'नवा' म्हणून केलेलं. चौकोनी खाच, दोन तिरक्या चिरा, शेंडा नाही. तंतोतंत सकाळचा फोटो.

"मग ती अठ्ठावन्न असेल," मी म्हणालो. मला भूक लागली होती.

"एकतीस होती," आत्या म्हणाली. "पर जरा डावीकडे कललेला, वर येताना आधी थबकते. पहिल्या मोसमातल्या फोटोंची अख्खी रांग मी शंभरदा बघितली आहे. मी ओळखलं तिला, भिंगाशिवाय ओळखलं." मग दोन्ही कार्डं शेजारीशेजारी ठेवून म्हणाली, "एकतीस आणि अठ्ठावन्न एकच आहे. मधल्या काळात तिला लागलंय. मला शंका आली आणि मी तिला परत पाठवलं."

चूक तिथे होती. बँकेत शंका आली की सही परत जाते आणि गोष्ट संपते. इथे परत पाठवलेल्या प्रत्येक जुन्या डॉल्फिनचा कागदावर एक नवा डॉल्फिन होत होता.

तिने 'नवा' म्हणून केलेली तीसही कार्डं बाहेर काढली. चार दिवस ती आणि डॉक्टरीणबाई, एकमेकींना न विचारता, वेगवेगळ्या बसून ती पुन्हा जुळवत होत्या. दोघींचं उत्तर एकच आलं. तिसातले पंधरा जुनेच होते. म्हणजे पंचेचाळीसपैकी तीस ओळखीचे, दोन तृतीयांश. मग पहिले अठ्ठेचाळीस हेही गावाचे दोन तृतीयांश. एकूण बहात्तर.

आणि त्या पंधरांपैकी अकरांच्या परावरच्या नव्या खुणा सारख्याच होत्या: समांतर, तिरक्या, जवळजवळ. डॉक्टरीणबाईंनी सांगायच्या आधीच मला कळलं. बोटीचा पंखा लागल्यावर लाकडावर तशाच चिरा पडतात.

डॉक्टरीणबाई भल्या. म्हणाल्या, "मीही तपासायला हवं होतं. चूक दोघींची आहे. अहवालात फक्त सुधारित आकडा असं लिहू. कुणाचं नाव नको."

घरी आल्यावर मी काय म्हणालो तेही सांगून टाकतो, नाहीतर आत्या सांगेल. मी म्हणालो, "आत्या, गप्प बस. एकशे चव्वेचाळीस गेलाय, राहू दे. तुझंही नाव राहील, माझंही काम राहील."

तिने कपाट उघडलं. आतला कागद वाचला. या वेळी लपवून नाही, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मग म्हणाली, "नुसता सुधारित आकडा म्हटलं तर तुझे बोटवाले विश्वास ठेवतील?"

मी खरं तेच सांगितलं. "नाही ठेवणार. म्हणतील, आज एकशे चव्वेचाळीस, उद्या बहात्तर, परवा सहा. आकडा तुमच्या मनाला येईल तसा."

"मग चूक कुठे झाली ते दाखवावंच लागेल," ती म्हणाली आणि कपाट लावलं. बायकोने तिला चहा दिला. आत्याने कपाची कड तपासली नाही.

सुनावणी समितीच्या सभागृहात होती. कर्रकर्र करणारा पंखा, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पन्नासेक माणसं आणि त्यात माझे सगळे बोटवाले पहिल्या दोन रांगांत. डॉक्टरीणबाईंनी बहात्तर म्हणताच गलका झाला. आमच्या संघटनेचे अध्यक्ष उठले. "पंधरा दिवसांत निम्मे कुठे गेले? पोहत गेले की उडत?"

हशा पिकला. मीही हसलो. आत्या उठली तेव्हा माझं हसू तोंडातच राहिलं.

तिने दोन कार्डं मोठी छापून आणली होती, एकतीस आणि अठ्ठावन्न. समितीपुढे धरली. एका दमात सांगितलं: ही खाच तीच, या दोन चिरा नव्या, मी त्या बघून हिला नवा डॉल्फिन ठरवलं. असे पंधरा ठरवले. "ही चूक माझी आहे. डॉक्टरीणबाईंची नाही. जितके घाव जास्त झाले, तितके मला डॉल्फिन जास्त दिसले. असंच चालू राहिलं असतं तर पुढच्या वर्षी मी दोनशे मोजून दिले असते, आणि समुद्रात मोजायला कुणी उरलं नसतं."

कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी मात्र धार सोडली नाही. "बाई, तुम्हीच ना त्या, तीस वर्षांत एकही चूक न केलेल्या?"

मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ, फेरीबोटीचे निवृत्त चालक, काठी टेकत उभे राहिले. "मी सांगतो की. मला या बाईंनी तीनदा परत पाठवलं होतं. माझ्याच पैशासाठी, माझ्याच सहीवर! झटका येऊन गेल्यावर माझा हात थरथरायचा." सभागृह पुन्हा हसलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, जुना किस्सा सांगावा तसं सांगितलं त्यांनी.

आत्या हसली नाही. त्यांच्याकडे वळून म्हणाली, "तुमचं खरं आहे. चुकलंच माझं. खोटी सही एकही सुटली नाही, हे बरोबर आहे. खऱ्या किती परत पाठवल्या, ते कुणी मोजलंच नाही. मी पण नाही."

मग ती खाली बसली. म्हातारे अजून उभेच होते. त्यांनी काठी काखेत धरली आणि टाळी वाजवली. एकच, मग दुसरी. मग बरेच लोक वाजवू लागले. अध्यक्षांनी वाजवली नाही, पण पुढचा प्रश्नही विचारला नाही. बहात्तरचा आकडा लिहून घेतला गेला आणि पुढच्या महिन्यापासून खाडीच्या तोंडाशी सायकलचा वेग लागू झाला.

मी आत्याशी तीन दिवस बोललो नाही. म्हणजे मी बोलत नव्हतो, ती बोलत होती. मीठ कमी आहे, टॉवेल दोरीवर नाही, अमकं आणि तमकं. बोटीवर पहिले दोन दिवस प्रवासी कुरकुरले. तिसऱ्या दिवशी हळू जाताना एक पाठ आमच्या शेजारून, दोन हातांवरून, आमच्याइतक्याच वेगाने चालत राहिली. बारापैकी एकही माणूस किंचाळला नाही. सगळे श्वास धरून बघत होते. सुसाट जाताना हे कधीच झालं नव्हतं.

परत आल्यावर बोट बांधली आणि आत्याचा डबा घेऊन मी बर्फाच्या कारखान्यावर गेलो. ती एकटीच होती, मोजे घालून, तिसऱ्या मोसमाचे फोटो पसरून बसलेली. मी डबा टेबलावर ठेवला आणि उभा राहिलो.

"काय रे?"

"आत्या, गेल्या उन्हाळ्यात, खाडीच्या तोंडाशी. बोटीखाली धक्का लागला होता. मी लाकडाचा ओंडका समजलो." माझंच मला खोटं वाटलं, म्हणून पुन्हा सांगितलं. "ओंडका असेल असं ठरवलं. मागे वळून बघितलं नाही. कुणाला सांगितलं पण नाही."

आत्याने भिंग खाली ठेवलं. मला वाटलं, आता ही रडणार, आणि मग मीही रडणार. पण तिने पेन उचललं.

"तारीख आठवते?"

आठवत होती. पक्की आठवत होती, याचीच मला लाज वाटली. मी सांगितली. तिने ती एका कोऱ्या कार्डावर लिहिली, वेळ लिहिली, शेजारी माझं पूर्ण नाव लिहिलं आणि कार्ड माझ्यापुढे सरकवलं. मी खाली सही केली. सावकाश केली.

मग तिने चष्मा काढला आणि मला झापायला सुरुवात केली. माझ्या शाळेपासून सुरू केलं. डबा गार झाला, खालच्या कारखान्यातले दोन कामगार काय झालं ते बघायला जिन्यात आले, तरी ती थांबली नाही. मी मान खाली घालून ऐकत होतो आणि मला फार, फार बरं वाटत होतं.